समुद्र कोणाला सांगायचा?

साशंक : समुद्रशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतून बाहेर पडून लोकांत मिसळावं, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? पण लोकांत म्हणजे नेमकं कुठे, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबतं. वांद्र्यातलं किंवा पणजीतलं एखादं कॅफे, संध्याकाळची वेळ, चाळीस-पन्नास खुर्च्या, हातात कॉफी नाहीतर बिअर. या पद्धतीचा उगमही तसाच आहे. १९९८ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात डंकन डॅलस यांनी ‘कॅफे सायंटिफीक’ सुरू केलं. फ्रान्समध्ये त्याआधीपासून कॅफेत तत्त्वज्ञानाच्या चर्चा रंगत होत्या, त्यावरून त्यांना ते सुचलं. वक्त्यानं वीसेक मिनिटं बोलायचं, मग ग्लास भरून घ्यायला थोडी सुट्टी, आणि उरलेला सगळा वेळ प्रश्नोत्तरांना. पद्धत छान आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण तिथलं मोकळं वातावरण मोकळं वाटतं कोणाला? ससून डॉकवर पहाटे कोलंबी सोलायला बसणाऱ्या बाईला त्या कॅफेचं दार ढकलायलासुद्धा संकोच वाटेल. समुद्राबद्दल जे आधीच वाचतात, डॉक्युमेंटरी पाहतात, डायव्हिंगला तारकर्लीला जाऊन आलेले असतात, तेच तिथे येतात, आणि ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते येत नाहीत. अशा वेळी शास्त्रज्ञाला समाजापर्यंत पोचल्याचं समाधान मिळतं, पण तो पोचलेला असतो आपल्याच वर्गापर्यंत.

उत्साही : कॅफेची बाजू मी लावून धरणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो ओहोटीचा किनारा. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी लोकांना खडकांवर घेऊन जातात. गिरगाव चौपाटी, हाजीअली, कार्टर रोड, जुहू. त्यांच्यात शिकलेले सागरी जीवशास्त्रज्ञ आहेत आणि ज्यांचा पेशा अगदी वेगळा आहे असे अभ्यासकही आहेत. तिथे कोण येतं ते जाऊन बघा. चाळीतली मुलं येतात, आजीआजोबा येतात, सकाळी फिरायला आलेला माणूस घोळका बघून थांबतो आणि तासभर हलत नाही. हाजीअलीच्या खडकांवर पाणी ओसरलं की झोअँथिडांचे हिरवे-तपकिरी गालिचे उघडे पडतात. ते प्रवाळाचे चुलतभाऊ. पाण्याखाली असताना पाकळ्या उघडतात, उघडे पडले की मिटून घेतात. ज्या माणसानं मुंबईचा समुद्र म्हणजे काळं पाणी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या एवढंच आयुष्यभर पाहिलंय, त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. आणि बोलणं एकतर्फीही नसतं. एखादे आजोबा लगेच हिशेब मांडतात, ‘आज अष्टमी, आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती.’ तिथीच्या पाऊणपट तास, ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत. मग बरोबरची जीवशास्त्रज्ञ सांगते की चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते, आणि पाऊणकीचा हिशेब मुंबईला इतका जवळ जुळतो तो त्यामुळे. आजोबांना त्यांच्याच ज्ञानाचं कारण कळतं. शाळेच्या फळ्यावर हे कधी घडलं असतं?

साशंक : आजोबांचा आनंद खरा आहे. पण त्यातून समुद्राचं काय बदललं?

उत्साही : समुद्राचं लगेच काही बदलत नाही, माणसाचं मात्र त्याच दिवशी बदलतं. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कितीतरी भाविकांना पाकटांनी दंश केला. लोक घाबरले, काय चावलं ते कळेना. पाकट हा तळाच्या वाळूत अंग पुरून बसणारा मासा आहे, त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो, तो हल्ला करायला येत नाही, पाय पडला की काटा मारतो. म्हणून पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत न्यावा, आणि काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवून दवाखाना गाठावा. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. तीच गोष्ट पावसाळ्यातल्या ब्लू बॉटलची. निळा, फुगलेला, काचेसारखा चमकणारा फुगा वाळूवर पडलेला दिसतो, लहान मूल हमखास हात घालतं. लोक त्याला जेलीफिश म्हणतात, पण तो एकच प्राणी नसून एकत्र जगणाऱ्या अनेक लहान जिवांची वसाहत असते. कोणी तरंगण्याचं काम करतो, कोणी पकडण्याचं, कोणी पचवण्याचं. खालच्या निळ्या दोऱ्यांमध्ये डंख मारणाऱ्या पेशी असतात आणि वसाहत मेल्यावरही त्या पेशी काम करत राहतात. आपल्याकडे डंख झाला की वर वाळू चोळतात, आणि त्या चोळण्यानं उरलेल्या पेशीही फुटतात. हे चौपाटीवर, त्या फुग्याशेजारी उकिडवं बसून सांगितलं की माणूस जन्मभर विसरत नाही. आणि ज्यानं ही निळी वसाहत एकदा नीट पाहिली, तो पुढच्या वेळी किनाऱ्यावर थोडा वेगळ्या नजरेनं चालतो. मी याला छोटी गोष्ट मानत नाही.

साशंक : छोटी नाहीच. पण तुम्ही प्रथमोपचार आणि कुतूहल यांची बेरीज करून तिला समुद्राची जाण म्हणता आहात. मुंबईच्या कोस्टल रोडचंच घ्या. खडकांवर फिरणाऱ्या लोकांनी वरळी-हाजीअलीच्या जिवांची छायाचित्रं जमवली, नोंदी केल्या, बातम्या झाल्या. शेवटी काय पदरात पडलं? २०२० साली प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं ते काम केलं. भराव जिथे पडायचा होता तिथे पडला. आता त्याच रस्त्याची दुसरी गोष्ट बघा. वरळी कोळीवाड्याच्या बोटी क्लीव्हलँड बंदरातून ज्या वाटेनं समुद्रात जातात, त्या वाटेवर पूल येणार होता आणि दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. कोळी म्हणाले, पावसाळी वाऱ्यात, ओढ असताना एवढ्या फटीतून बोट काढताना ती खांबावर आपटेल. त्यांनी काम अडवलं, बोटी आडव्या घातल्या, महिनोन्‌महिने हटले नाहीत. २०२२ च्या अखेरीस अंतर दुप्पट, १२० मीटर करायचं ठरलं. त्यांची मागणी त्याहून जास्त होती, पण एक खांब तरी वगळला गेला. त्या वगळलेल्या खांबामागे कुठल्या गप्पा होत्या? कुठली निसर्गफेरी होती? तिथे होती ती संघटना. माझं आयुष्य मच्छीमारांचे अर्ज आणि निवेदनं मराठीत लिहून देण्यात गेलं, म्हणून मी हे जरा कडवटपणे सांगतो. समुद्राविषयी प्रेम वाटणं आणि समुद्राविषयीच्या निर्णयात वजन असणं, यांच्यात फार अंतर आहे, आणि शास्त्रज्ञांच्या या गोड संध्याकाळी ते अंतर झाकून टाकतात.

उत्साही : तुमचं उदाहरण मी तुमच्याच हातातून घेते. कोळ्यांचं म्हणणं काय होतं? वारा किती, पाण्याची ओढ कुठल्या दिशेची, लाट आडवी आली की बोट किती सरकते. हे समुद्रशास्त्रच आहे. फक्त ते अहवालात नव्हतं. आराखडा होण्याआधी एखादा शास्त्रज्ञ कोळीवाड्यात जाऊन नुसता बसला असता, जाळी विणणाऱ्यांशी बोलला असता, तर हे ज्ञान भांडणाच्या रूपानं बाहेर यायची वेळ आली नसती. बाहेरच्या देशात याचा फार शिकवणारा दाखला आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, आणि मेच्या सुरुवातीला पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या डोंगरांवर उतरलं. तिथे मेंढपाळ आहेत. सरकारनं जूनमध्ये मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि सरकारी शास्त्रज्ञांनी सांगितलं की तीन आठवड्यांत सगळं निवळेल. निवळलं नाही. त्यांचा अंदाज सखल भागातल्या चिकणमातीवर बेतलेला होता. तसल्या मातीत सीझियम अडकून बसतं. डोंगरावरच्या आम्ल, कुजकट मातीत मात्र ते मोकळं राहतं, गवतात येतं, मेंढीत येतं, पुन्हा मातीत जातं. शेवटचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडलं. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञानं त्या मेंढपाळांशी बोलून सगळं लिहून ठेवलंय. एका प्रयोगात शास्त्रज्ञांनी मेंढ्या कुंपणात कोंडल्या. मेंढपाळांनी बजावलं की मोकळ्या डोंगरावर चरणारी मेंढी कुंपणात खंगते, त्यावरून काही निष्कर्ष निघणार नाही. कोणी ऐकलं नाही. पुढे तो प्रयोग सोडून द्यावा लागला. हे मेंढपाळांना विज्ञान कळत नसल्यामुळे घडलं का? शास्त्रज्ञांना डोंगर माहीत नव्हता. तो माहीत व्हायला मेंढपाळाच्या ओट्यावर बसावं लागतं. मी जिला अनौपचारिक जागा म्हणते ती ही.

साशंक : कंब्रियाची कथा मलाही माहीत आहे, पण मी ती वेगळी वाचतो. शास्त्रज्ञ आणि मेंढपाळ समोरासमोर आलेच नाहीत, असं तिथे नव्हतं. शास्त्रज्ञ त्यांच्या शेतावर जात होते, नमुने घेत होते, बोलत होते. पण मेंढपाळ जे बोलले ते कुठेच उतरलं नाही. त्या बोलण्याला उत्तर देणं कोणावरही बंधनकारक नव्हतं. मोकळ्या गप्पांचं हेच दुखणं आहे. त्यांची नोंद होत नाही. शास्त्रज्ञ कौतुकानं ऐकतो, ‘फार इंटरेस्टिंग’ म्हणतो आणि परतीची गाडी धरतो. याउलट पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीत, ती कितीही वाईट होवो, प्रत्येक वाक्य इतिवृत्तात जावं अशी कायद्याची अपेक्षा आहे. २००६ च्या अधिसूचनेनं ती सोय दिलीय. वाढवण बंदराची सुनावणी जानेवारी २०२४ मध्ये पालघरला झाली. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या त्या बंदराला मंजुरी दिली. डहाणूच्या किनाऱ्यावर इतका मोठा बदल होणार असताना, मासळीची पैदास कुठे होते, भरावानं प्रवाह कसे वळतील, हे ज्यांना खरोखर कळतं त्या शास्त्रज्ञांपैकी किती जण स्वतःहून उठून उघडपणे बोलले? आणि का बोलले नाहीत, तेही सांगतो. ते भित्रे आहेत म्हणून नव्हे. त्यांतले बहुतेक सरकारी नोकरीत आहेत, आणि केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार कर्मचाऱ्याला सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. म्हणजे चौपाटीवर ब्लू बॉटलबद्दल मनमोकळं बोलायला मुभा आहे, बंदराबद्दल बोलायला नाही. मग तुमची अनौपचारिक जागा म्हणजे निरुपद्रवी विषयांसाठी राखून ठेवलेली जागा ठरत नाही का? जिथे बोलणं महागात पडतं तिथे गप्प राहायचं, आणि जिथे टाळ्या मिळतात तिथे बोलायचं.

उत्साही : हा आक्षेप मला खरोखर टोचतो. रेचल कार्सन आठवतात. अमेरिकेच्या मत्स्य खात्यात त्या नोकरीला होत्या. रेडिओसाठी समुद्रावर लिहायच्या, खात्याच्या पुस्तिका लिहायच्या, आणि नोकरीत असतानाच १९५१ साली समुद्रावरचं त्यांचं पुस्तक घराघरांत पोचलं. कीटकनाशकांवरचं पुस्तक मात्र आलं १९६२ साली. १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, त्यानंतर दहा वर्षांनी. तेव्हा तुम्ही म्हणता ती भिंत तिथेही होती. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कार्सनबाई कीटकनाशकांविरुद्ध बोलल्या तेव्हा लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, त्यामागे आधीची समुद्राची पुस्तकं होती. लोक त्यांना ओळखत होते. विश्वास भांडणाच्या दिवशी तयार करता येत नाही. सुनावणीचा मंडप तुम्ही पाहिला असेल. ध्वनिक्षेपक, पोलिसांची रांग, दोन्हीकडच्या घोषणा. टेबलावर इंग्रजीतला जाडजूड अहवाल आणि मराठीतला पातळ सारांश. तिथे प्रत्येक माणूस जिंकायला किंवा निदान न हरायला आलेला असतो. अशा जागी कोणाला काही नव्यानं समजत नाही, आणि समजलं तरी कबूल करता येत नाही. समजायला अशी जागा लागते जिथे ‘मला हे माहीत नव्हतं’ म्हणण्यात कोणाची हार नसते.

तुम्हाला एक प्रसंग सांगते. गोव्यात एका जेट्टीवर, सप्टेंबरचे दिवस होते, एक समुद्रशास्त्रज्ञ लाकडी खोक्यात काचेच्या बाटल्या घेऊन बसला होता. बोटीवरून आणलेलं पाणी त्यानं दोन बाटल्यांत घेतलं. एकीत वरचं, एकीत तळाचं. दोन्हींत त्यानं दोनच द्रावणं टाकली, बुचं लावली आणि बाटल्या उलटसुलट केल्या. वरच्या पाण्यात गढूळ, गर्द तपकिरी साका धरला. तळाच्या पाण्यातला साका पांढराच राहिला. विंकलरची चाचणी म्हणतात तिला, शंभराहून अधिक वर्षं जुनी. पाण्यात ऑक्सिजन असेल तर मँगनीजचा साका तपकिरी होतो, नसेल तर पांढरा राहतो. भोवती उभे असलेले खलाशी बघत राहिले. त्यांतला एक म्हणाला, ‘म्हणूनच या दिवसांत तळाची मासळी वर येते, काठाकडे सरकते, आणि जाळ्याला अंड्यासारखा वास मारतो.’ तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या किनाऱ्याला तळाचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उथळ भागावर चढतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर पसरलेला असतो, त्यामुळे दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. खालचा उरलासुरला ऑक्सिजन कुजण्यात संपतो. दोनापावलाच्या त्याच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या एका ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षं हे मोजत आलेत, आणि २००० साली नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरचा निबंध ‘नेचर’मध्ये आला तेव्हा जगाचं लक्ष आपल्या किनाऱ्याकडे गेलं. पण त्या खलाशाला तो निबंध कधी भेटला नसता. त्याला ती पांढरी बाटली भेटली, आणि त्याचा वास शास्त्रज्ञाच्या बाटलीला जोडला गेला.

साशंक : बाटली सुंदरच आहे. पण त्या जेट्टीवर पुढचा प्रश्न कोणी विचारला का? हे कशामुळे होतं, आणि कोणामुळे?

उत्साही : विचारला.

साशंक : आणि शास्त्रज्ञ काय म्हणाला?

उत्साही : तो म्हणाला, हे मुळात नैसर्गिक आहे, पूर्वापार होत आलंय. शेतातली खतं वाहून येतात, समुद्र तापतोय, त्यानं ते वाढत असावं अशी शंका आहे. पण वर्षावर्षात फार फरक पडतो, हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानाचा त्याच्याशी संबंध आहे, आणि माणसाचा वाटा नक्की किती ते अजून वेगळं काढता आलेलं नाही.

साशंक : अगदी प्रामाणिक उत्तर. आणि आता त्या उत्तराचा प्रवास बघा. जेट्टीवरून ते गावात जातं, गावातून वर्तमानपत्रात, आणि तिथे त्याचा मथळा होतो, ‘शास्त्रज्ञ म्हणतात, समुद्रातला ऑक्सिजन नैसर्गिकरीत्या घटतो.’ दुसऱ्या दिवशी ज्याचं सांडपाणी खाडीत सुटतं तो कारखानदार हे कात्रण फाइलला लावतो. निबंधात अनिश्चितता आकड्यांच्या कुंपणात सुरक्षित असते. गप्पांत ती उघड्यावर पडते आणि ज्याचे हात लांब त्याच्या हाती लागते. हे फक्त ‘माहीत नाही’चं झालं. जे नक्की माहीत असतं त्याचंही हेच होतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळायची शक्यता आहे ते कळवते, मराठीतही कळवते. विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. पण चाळीस सागरी मैलांवरची जागा कळून उपयोग कोणाला? ज्याच्याकडे तितकं डिझेल आणि तितकं इंजिन आहे त्याला. रापणवाला किनाऱ्यावरून जाळं ओढतो, डोलवाला पाण्याच्या ओढीवर जाळं लावून बसतो, त्यांना तो संदेश मोबाइलवर नुसता वाचायचा असतो. ज्ञान सगळ्यांना सारखं वाटलं तरी ते वापरायची ताकद सारखी वाटलेली नसते. हे भान ठेवून बोलणारा शास्त्रज्ञ मला क्वचितच भेटला.

उत्साही : मग गप्प बसावं का त्यानं?

साशंक : नाही. पण आपलं बोलणं कोणाच्या हाती कसं पडेल याचा विचार त्यानं आधी करावा. शोधनिबंध लिहिताना तो एकेका आकड्याला जपतो. लोकांसमोर तेवढाच जपून का नसावा?

उत्साही : वेळासला हा विचार झालेला मला दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं ते गाव. पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी किनाऱ्यावरून उकरून नेली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घराघरांत उतरू लागले, गावात चार पैसे आले. जानेवारी २०२२ मध्ये तिथेच ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग बसवला, आणि पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. हे सगळं नकाशावर लोकांनी बघितलं. पश्चिम किनाऱ्याची कासवं आणि पूर्व किनाऱ्याची कासवं यांचा संबंध काय, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न कोकणातल्या अंगणात येऊन पडला. तिथे ज्ञान आणि पोट एकमेकांच्या विरोधात उभे राहिले नाहीत.

साशंक : कारण वेळासच्या वाळूवर कोणाचं फारसं नुकसान नव्हतं. तेच कासव पाण्यात उतरून ट्रॉलरच्या जाळ्यापाशी गेलं की बघा. कासव निसटून जावं म्हणून जाळ्यात चौकट बसवायची तर थोडी कोलंबीही निसटेल अशी ट्रॉलरवाल्यांना भीती. ती चौकट वापरात नाही म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेनं भारताची समुद्रातली कोलंबी घेणं थांबवलं. त्या जाळ्यापाशी तुमचा महोत्सव कसा भरवाल? मला तिथला शास्त्रज्ञ बघायचाय. ज्या माणसाला आपल्या बोलण्यानं तोटा होणार आहे, त्याच्या बोटीवर बसून तो काय बोलतो ते.

उत्साही : तिथे तर गप्पांवाचून दुसरं काही चालणारच नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, पापलेटला राज्य मासा केलं. आदेश निघाला. पण जाळ्यात आलेलं पिल्लू मेलेलंच असतं, ते परत टाकून काय होणार, हा प्रश्न प्रत्येक बोटीवर आहे. लांबीचा नियम खरं तर जाळ्याच्या आसाच्या मापाबद्दल आहे, हंगामाबद्दल आहे, आणि पापलेटला एकदा तरी अंडी घालायला मिळावीत म्हणून आहे. हे कोणीतरी बोटीवर जाऊन बोलायला हवं आणि बोलता बोलता ऐकायलाही हवं. कदाचित नियमच थोडा चुकलाय असंही निघेल.

साशंक : आणि तसं निघालं तर? नियम बदलण्याचा अधिकार त्या शास्त्रज्ञाकडे आहे?

उत्साही : नाही.

साशंक : मग तो कोळ्याला काय सांगणार, तुमचं म्हणणं बरोबर आहे पण माझ्या हातात काही नाही?

उत्साही : हो, तेच सांगावं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावं, त्याच बंदरात, त्याच माणसांकडे, आणि मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात त्याचं मी हे केलं, हे पत्र लिहिलं, हे मोजून पाहिलं, हे मोजता आलं नाही, असा हिशेब द्यावा. तुम्ही नोंद मागितलीत, ती मला मान्य आहे. शास्त्रज्ञानं ऐकलेलं लिहून ठेवावं आणि सांगणाऱ्याच्या नावानिशी संशोधनात आणावं.

साशंक : नोंद आली, हिशेब आला, पुन्हा यायची बांधिलकी आली, की ती अनौपचारिक भेट उरत नाही. मग त्याला वरिष्ठांची परवानगी लागेल, प्रवासभत्त्याचा अर्ज लागेल, आणि परवानगी देणारा विषय विचारेल. ज्या मोकळेपणासाठी तुम्ही किनाऱ्यावर गेलात, तो तुमच्याच अटींनी जाईल.

उत्साही : तो धोका आहे, आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही. फार नोंदी ठेवल्या तर शास्त्रज्ञ जपून बोलेल, कोळीही जपून बोलेल. नोंदी नाही ठेवल्या तर बोलणं वाऱ्यावर जाईल. एवढं मात्र मी आता तुमच्याशी बोलून सोडून देते, की लोकांना समुद्र आवडू लागला म्हणजे आपलं काम झालं. आवडण्यापाशी थांबणारा कार्यक्रम मी यापुढे अपुरा म्हणेन.

साशंक : मीही एक सोडतो. ज्या बोलण्यातून निर्णय बदलत नाही ते फुकट, असं मी मानत आलो. तुमच्या जेट्टीवरच्या खलाशानं वास आणि बाटली जोडली, तेव्हा त्याच्या हाती एक शब्द आला जो सुनावणीत त्याला मांडता येईल. तो शब्द त्याला अर्ज लिहून देणारा मी देऊ शकलो नसतो. पण शास्त्रज्ञाच्या गप्प राहण्याचा प्रश्न माझ्यासाठी तसाच उभा आहे. ज्या विषयावर त्याला बोलायची मनाई आहे, नेमका तोच विषय लोकांना त्याच्याकडून ऐकायचा आहे. चहा पाजून ही गाठ सुटणार नाही.

उत्साही : नाही सुटणार. तरी शास्त्रज्ञांना माझी एक साधी विनंती आहे, आणि तिला कोणाची परवानगी लागू नये. तुमचे कार्यक्रम थंडीत होतात, विज्ञान दिनाच्या आसपास, फेब्रुवारीत. तेव्हा मासेमारीचा हंगाम ऐन भरात असतो आणि ज्यांच्याशी बोलायला हवं ते समुद्रात असतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात, दिवसभर जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. तेव्हा या. पावसाचं निमित्त सांगू नका. १ ऑगस्टला बोटी पुन्हा बाहेर पडतात, आणि त्यानंतर त्यांना वेळ नसतो.